उपास माझा, घड्याळ आईचं

माझ्या फोनमध्ये एक ॲप आहे. रात्री नऊला शेवटचा घास खाल्ला की त्यात एक बटण दाबायचं. मग एक गोल हळूहळू भरत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सोळा तास पूर्ण होतात, गोल हिरवा होतो आणि स्क्रीनवर फुलबाज्या उडतात. शंभर दिवस झाले तेव्हा ॲपने मला एक बिल्ला दिला. मी त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या जिम ग्रुपवर टाकला. तेरा जणांनी दंड फुगवलेला इमोजी पाठवला.

बिल्ला मिळाला तेव्हा मी जामखेडला घरी होतो. पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. उन्हाळ्यात दोन महिने घरून काम करायची परवानगी मिळाली होती. समोर आजी बसली होती, म्हणून तिलाही फोन दाखवला. म्हटलं, शंभर दिवस रोज सोळा तास उपाशी राहिलो, त्याचं बक्षीस आहे हे. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

"आरं, मग कुनी खायला दिलं नाय व्हय तुला?"

मी हसलो. तिने प्रश्न खराच विचारला होता, हे कळायला पुढचे दोन महिने जावे लागले.

*

आधी माझी बाजू मांडतो. ती अगदीच टाकाऊ नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं वजन ८१ किलो होतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा सडपातळ मुलगा नोकरीच्या खुर्चीत बसून बसून असा झाला होता. आमच्या घरात मधुमेह आहे, पप्पांची गोळी चाळिशीतच सुरू झाली. म्हणून जिम लावली आणि सोबत इंटरमिटंट फास्टिंग सुरू केलं. दिवसातले आठ तास खायचं, सोळा तास नाही.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नव्हतीच. २०१८ च्या सुमाराला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा व्हिडिओ न आलेला फॅमिली ग्रुप सापडणं अवघड होतं. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटं चाला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणत होत्या. लग्नाच्या पंगतीत दोन्ही पक्षांचे लोक शेजारी बसायचे आणि गुलाबजाम समोर आला की दोघांचेही नियम थोडे सैल व्हायचे.

जिममध्ये प्रश्न वेगळा होता. इतका वेळ उपाशी राहिलो तर चरबीबरोबर स्नायूही वितळतील का? मी सवयीने मूळ पेपर शोधून वाचले. इटलीतल्या संशोधकांचा २०१६ चा एक अभ्यास आहे. आधीपासून वजनं उचलणारे ३४ पुरुष, आठ आठवडे. अर्ध्यांनी दुपारी एक, चार आणि रात्री आठ याच वेळांना खाल्लं. त्यांची चरबी कमी झाली, स्नायू आणि ताकद टिकली. अमेरिकेतला २०२० चा दुसरा अभ्यास ११६ जणांचा, बारा आठवड्यांचा. तिथे काय खायचं, किती खायचं यावर बंधन नव्हतं, फक्त वेळ पाळायची होती. वेळ पाळणारे आणि न पाळणारे यांच्या वजनातल्या घटीत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. उलट वेळ पाळणाऱ्यांचं जे थोडं वजन उतरलं, त्यात स्नायूंचा वाटा काळजी करावी इतका होता. जिममध्ये 'ऑटोफॅजी' हा शब्दही फार चालतो. त्यावरच्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, हे खरं आहे. पण ते काम यीस्टवर झालं होतं आणि यीस्ट बेंच प्रेस मारत नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो: न खाल्ल्याने स्नायू होत नाहीत. ते होतात वजन उचलल्याने, त्यानंतर नीट खाल्ल्याने आणि त्यानंतर झोपल्याने. उपास फार तर चरबी उतरवायला मदत करतो. तोही एकूण खाणं कमी झालं तरच. ताकद कमवायची तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं. माझं वजन आता ७० किलो, म्हणजे रोज ११२ ग्रॅम. तेही आठ तासांत. अंडी, पनीर, डाळ, दही, सोयाबीन, मट्ठा पावडर. प्रत्येक घास मी ॲपमध्ये लिहीत होतो.

पुण्यात हे सोपं होतं. फ्लॅटमध्ये मी एकटा. घरी आल्यावर त्याची किंमत दिसायला लागली.

*

आमच्या घरात वर्षानुवर्षं सकाळी साडेदहाला स्वयंपाक उरकायचा. पप्पा डबा घेऊन दुकानावर जायचे, आजी अकराला जेवायची, आई तिच्यानंतर. दुपारी आईला दीड-दोन तास मोकळे मिळायचे. त्या वेळात ती पडायची, नाहीतर शिवणकाम करायची.

माझी खिडकी दुपारी एकला उघडायची. आईला वाटायचं, पोरगं अठरा तास उपाशी आहे (तिने दोन तास आपल्या मनाने वाढवले होते), त्याला गार भाकरी कशी द्यायची. म्हणून ती एकला पुन्हा तवा ठेवायची. संध्याकाळी सातला मी जिमला जायचो, साडेआठला परत. नऊच्या आत खाणं संपवायचं असायचं, म्हणून मी बूट काढेपर्यंत ताट तयार लागायचं. पप्पा दुकान बंद करून साडेनऊला येतात. त्यांच्यासाठी परत गरम. आई जेवायची दहाला. 'तू जेवून घे ना' असं मी दोन-तीनदा म्हणालो. बोलण्याचं कर्तव्य पार पडलं की माणसाला बरं वाटतं.

म्हणजे माझ्या आठ तासांच्या खिडकीसाठी आईचं स्वयंपाकघर सोळा तास उघडं होतं. माझ्या फोनमधला गोल तिच्या पायांवर फिरत होता.

आईचे स्वतःचे उपासही चालूच होते. दर गुरुवार, दोन एकादशा, एक संकष्टी, वर्षातून नवरात्राचे नऊ दिवस. मी एकदा हिशोब केला. लग्नानंतरच्या तीस वर्षांत हे सुमारे २८०० दिवस होतात. मला शंभराला बिल्ला मिळाला होता. पण पुण्यातल्या मित्रांशी बोलताना मी माझ्या उपासाला 'प्रोटोकॉल' म्हणायचो आणि आईच्या उपासाला 'आमच्याकडे अजून चालतं ते सगळं'.

*

मे महिन्यातल्या संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेदहाच्या पुढे होता आणि आभाळ आलं होतं. आईने दिवसभरात साबुदाण्याची खिचडी, एक केळ आणि दोन कप चहा एवढंच घेतलं होतं. मध्ये माझं दुपारचं, माझं रात्रीचं आणि पप्पांचं जेवण केलं होतं. चंद्र दिसतो का बघायला ती दोनदा गच्चीवर जाऊन आली. तिसऱ्यांदा उतरताना तिला चक्कर आली. मी खालच्या खोलीत हेडफोन लावून एका बगवर काम करत होतो. आजीची हाक मला ऐकूच आली नाही. पप्पांनी येऊन माझ्या खांद्याला हात लावला.

शेवटच्या तीन पायऱ्या होत्या, म्हणून थोडक्यात निभावलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन कमी. मग त्यांनी विचारलं, "जेवणात प्रोटीन काय असतं ताई तुमच्या?"

आईने माझ्याकडे बघितलं. घरात प्रोटीनचं ज्याला कळतं तो मी, म्हणून उत्तर मी देणार, असं तिला साहजिकच वाटलं. माझ्या फोनमध्ये माझ्या गेल्या शंभर दिवसांतला प्रत्येक ग्रॅम होता. मी स्वयंपाकघरात काटा ठेवून पनीर मोजायचो, तेही तिच्याच ओट्यावर. तिने काय खाल्लं, हे मला एका दिवसाचंही सांगता येईना.

रात्री बसून अंदाज काढला. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाही नसतं. खिचडीतलं दाण्याचं कूट, चहातलं दूध धरून उपासाच्या दिवशी आईच्या पोटात बारा-पंधरा ग्रॅम प्रोटीन जात असेल. तिचं वजन ५४ किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे रोज ४५ ग्रॅम हवं. ही शिफारस धडधाकट माणसाला पुरेल एवढीच आहे, ताकद कमवायची नव्हे.

*

दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाले, हात बरा झाला की थोडं वजन उचलायला सुरुवात करा. आई एवढी हसली की केबिनबाहेरच्या बाईने डोकावून बघितलं. "आता अजून वजन? लग्न झाल्यापासून दुसरं काय केलं?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. नळाला पाणी येईल त्या वेळी हंडे, कळशा, बादल्या भरून ठेवायच्या, वरच्या टाकीसाठी जिना चढायचा, दळणाचा डबा, सिलेंडर. मी जिममध्ये पैसे भरून जे करतो ते ती तीस वर्षं फुकट करत होती. मग माझे दंड वाढले आणि तिचे का उतरले?

याचं उत्तर जिमच्या कुठल्याही बऱ्या ट्रेनरला माहीत असतं, फक्त तो ते घराला लावून बघत नाही. वजन उचलल्याने स्नायूला ताण बसतो. तो भरून निघतो विश्रांतीत आणि अन्नाने, आणि भरून निघताना थोडा जास्त मजबूत होतो. म्हणून आपण सोमवारी छाती मारली तर मंगळवारी तिला आराम देतो. वजन आपल्या ताकदीप्रमाणे वाढवतो, दुखलं तर थांबतो. पाण्याचा हंडा असं काही बघत नाही. तो आज जेवढा जड आहे तेवढाच उद्या असतो. आपण तापाने फणफणलेले असलो तरी तेवढाच.

आमच्या भागातून दर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या जातात. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवसभर कोयता, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, रात्री पुन्हा चूल. जगातल्या कुठल्याही वर्कआउटपेक्षा हे कष्ट जास्त आहेत. पण त्या बाया पस्तिशीत कंबर धरून बसतात. वजन कमी पडलं म्हणून त्यांची शरीरं तयार झाली नाहीत असं नाही. पुरेसं ताट आणि पुरेशी झोप त्यांच्या वाट्याला आली नाही.

मराठीत व्यायामाने शरीर घडवण्याला 'शरीर कमावणं' म्हणतात. या शब्दावर मी खूश होतो. कमावलं म्हणजे माझं, कष्टाचं, कुणाचं देणं नाही. आता वाटतं, वजन तेवढं मी उचललं. विश्रांती आणि अन्न मला कुणीतरी दिलं, आणि देताना स्वतःच्या वाट्यातून काढलं. कमाईतला हा भाग मी कधी खात्यात मांडलाच नव्हता.

*

आई प्लास्टरमध्ये असताना स्वयंपाक आजी आणि मी करत होतो. आजी सत्तरी ओलांडलेली, पीठ मळण्यापुरती बसायची आणि मला तव्याशी उभं करायची. त्या दिवसांत तिने दुष्काळाचं सांगितलं. पूर्वीही सांगितलं होतं, पण तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सुरू झाला तेव्हा ती नवी नवरी होती. पुढच्या उन्हाळ्यात पोटात पप्पा होते आणि ती खडी फोडायला जात होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. रेशनला लाल मिलो यायची. कामावर सुकडी मिळायची. आजी आपली अर्धी सुकडी पदरात बांधून घरी धाकट्या दिरासाठी न्यायची. "पोटात पोर व्हतं, पर त्ये काय मागतंय का?" ती म्हणाली.

पोटातलं पोर मागत नाही, पण हिशोब ठेवतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. गरोदर राहण्याआधी त्या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या लहानखुऱ्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी मात्र शरीराने जपून ठेवली होती. वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपला आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेतला मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला जागा कमी. आजीने पदरात बांधून नेलेली सुकडी आणि पप्पांची चाळिशीतली गोळी यांच्यात सरळ रेघ मी ओढू शकत नाही. एका माणसाबद्दल असं कुणीच सांगू शकणार नाही. पण पिढीबद्दल बोलायचं तर रेघ आहे. जिममध्ये आरशासमोर उभा राहून मी ज्या पोटाला 'माझा आळस' म्हणत होतो, त्यात थोडी आजीची भूकही होती.

आमच्याच गावात हे कुणाला तरी आधी कळलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधं घेऊन आलेल्या या दोघांना लोकांनी आधी अन्न आणि पाणी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. विहिरी, लहान मुलांसाठी गावाने चालवलेली स्वयंपाकघरं, आणि गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजारामागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. तीन दशकांत हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी या गावात वाढलो, त्या आवारावरून शेकडो वेळा गेलो, आणि आरोग्य म्हणजे एकट्याने स्वतःवर मिळवलेला ताबा, हे मात्र फोनवरून शिकलो.

*

उपासासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत, हे आजीच्या बोलण्यातून लक्षात आलं. आई उपास 'धरते' आणि 'सोडते'. चुकून काही खाल्लं तर तो 'मोडतो'. प्रवासात जेवण मिळालं नाही तर उपास 'घडतो'. आजी मात्र म्हणाली, "लई उपास काढले." दिवस काढावेत तसे. धरला आणि सोडला तो उपास आपल्या हातातला असतो. काढला तो फक्त सोसलेला असतो. आणि शेवटी 'उपासमार' आहे. तिथे तर उपासच माणसाला मारतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वखुशीने अर्धपोटी राहिले. युद्धावर जायला नकार दिलेली ही माणसं होती. उपासमारीतून सावरणाऱ्यांना कसं खाऊ घालायचं, ते शोधण्यासाठी त्यांनी २४ आठवडे भूक सोसली. ती स्वेच्छेची होती, तरी ताकद गेली, स्वभाव बदलले, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. शरीराला भूक निवडलेली आहे की लादलेली, हे कळत नाही. फरक एवढाच की त्यांना चोविसावा आठवडा माहीत होता. माझ्या भुकेला टायमर आहे. आईच्या भुकेला चंद्रोदयाची वेळ आहे, निदान आभाळ मोकळं असेल तर. आजीच्या भुकेला यातलं काहीच नव्हतं.

मग माझा उपास खोटा का? असं मला वाटत नाही. आजी उपाशी राहिली म्हणून मीही पोट सुटू द्यावं, याने कुणाचंच भलं होत नाही. उलट आमच्यासारख्या शरीरांना चरबी उतरवणं आणि स्नायू वाढवणं खरोखर गरजेचं आहे. अडचण उपासाला सद्गुण मानण्यात आहे. आपल्याकडे न खाणाऱ्याला आपोआप मान मिळतो. खाऊ घालणाऱ्याला 'तिचं कामच आहे ते' एवढंच मिळतं.

आणि उपास कधीच एकट्याचा नसतो. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले तेव्हा उपाशी ते एकटे होते, पण त्या उपासाचं सगळ्यात मोठं ओझं आलं डॉ. आंबेडकरांवर. चार दिवसांत पुणे करारावर सही करावी लागली. त्या कराराबद्दल कुणाचं मत काहीही असो, उपाशी माणूस भोवतालच्यांना बांधतो एवढं त्यातून दिसतं. माझ्या सोळा तासांनी देशाचं काही अडलं नाही. फक्त एका बाईची दुपारची झोप गेली. पण बांधलं गेलं ते बांधलंच गेलं. आणि तिला ते नको म्हणायची सोयही नव्हती, कारण मी तिला काही करायला सांगितलंच नव्हतं.

*

एवढं सगळं कळल्यावर मी जे केलं ते टिपिकल इंजिनिअरचं. उपाय शोधून आईसमोर मांडला: उपास बंद. साखर उंबरठ्यावर आहे, हाडं अशक्त आहेत, रोज दोन अंडी खायची. ती माळकरी नाही, अंडी खाते, म्हणून मला हे सोपं वाटलं.

आई म्हणाली, "आणि तुझे?"

"माझे वेगळे आहेत. मी नंतर भरपूर खातो."

"मग मला पण नंतर भरपूर दे की. उपास कशाला बंद करतोस?"

मी चक्कर, पायऱ्या, ६.३ सगळं पुन्हा सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाकीचे दिवस तुमच्या सगळ्यांच्या आवडीचं करते. गुरुवारी माझ्यापुरतं वेगळं करते. तेवढं एक माझं असतं."

यावर माझ्याकडे पेपर नव्हता. तीस वर्षं मी तिचा उपास म्हणजे तिने स्वतःला नाकारणं, असं समजत होतो. तिच्या लेखी त्या घरात फक्त तिच्यासाठी पातेलं चुलीवर चढण्याचा तो दिवस होता. आरोग्याच्या नावाखाली मी तिच्याकडून हेच काढून घ्यायला निघालो होतो. आणि तिचा उपास तिच्यासाठी वाईट, माझा माझ्यासाठी चांगला, हे ठरवणारा मी कोण? शास्त्र म्हणावं तर ते ३४ लोक माझ्यासारखे होते, तिच्यासारखं त्यात कुणीच नव्हतं.

मी अजूनही मानतो की तिने संकष्टीला रात्री साडेदहापर्यंत रिकाम्या पोटी राहू नये. हे तिला स्पष्ट सांगितलं. ते तिने मानलं नाही. शेवटी आम्ही भांडून, चिडून, दोन दिवस अबोला धरून जिथे पोचलो ते असं: उपास राहतील. साबुदाण्याच्या जागी भगर आणि दाण्याची आमटी, दही, राजगिरा, दुपारी एक ग्लास दूध. संकष्टीला चंद्र बघायला गच्चीवर मी जायचं आणि खाली फोन करायचा. बाकीच्या दिवशी डाळ, उसळ आणि अंडी तिच्या ताटात मोजून. मोजायचं काम माझं. पप्पांनी आमच्या नादाने जेवण टाळायचं नाही. गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचं डॉक्टर ठरवतील.

माझी खिडकी मी हलवली. जिम सकाळी. पहिलं जेवण अकराला, आजीसोबत. रात्रीचं साडेनऊला पप्पा आल्यावर, चौघांनी एकत्र. हे आठ तास होत नाहीत, साडेदहा-अकरा होतात. ॲपमधला गोल आता लाल राहतो. दोन महिन्यांत चरबी अर्धा-एक टक्का वाढली असेल. पण एकत्र बसल्यावर एक गोष्ट होते: भाजी संपत आली की ती सगळ्यांना दिसते. पूर्वी ती फक्त आईला दिसायची, दहा वाजता, पातेलं खरवडताना.

हात मोकळा झाल्यावर आई सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. असे तीन सेट. नंतर डाव्या-उजव्या हातात एक-एक किलोची तुरडाळीची पिशवी घेऊन डोक्यावर उचलते. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं थांबायचं असतं. तेच तिला सगळ्यात अवघड जातं. 'नुसतं बसून काय राहायचं' म्हणत ती कोथिंबीर निवडायला घेते. मी ती काढून घेतो आणि सांगतो, ताकद याच दोन मिनिटांत येते.

मी आता परत पुण्यात आहे. रात्री फोनवर आई विचारते, जेवलास का. पूर्वी मी 'हो' म्हणून विषय संपवायचो. आता तिलाही विचारतो, आणि नुसत्या 'हो'वर सोडत नाही. काय खाल्लं, कधी, कुणाच्या आधी की नंतर? ती वैतागते. गेल्या गुरुवारी म्हणाली, "आजी विचारतीये, तुझ्या त्या फोनने परत बक्षीस दिलं का?"

म्हटलं, नाही दिलं. तिला सांग, आता खायला मिळतंय.